चर्च ऑफ द ब्रेदरन (भारत)

चर्च ऑफ द ब्रेदरन ही प्रौढ बाप्तिस्म्याची परंपरा पाळणारी प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळी आहे. भारतात तिचा विस्तार मुख्यतः दक्षिण गुजरात आणि त्यालगतच्या डहाणू परिसरात झाला. डहाणू तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाली. पुढे एका गटाने मूळ परंपरेकडे परतण्याचा निर्णय घेतला आणि त्यातून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

उगम

१७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाउ येथे अलेक्झांडर मॅक यांच्यासह आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन या पंथाची स्थापना केली. अमेरिकेत स्थलांतरित झालेला हा पंथ १९०८ पर्यंत 'जर्मन बॅप्टिस्ट ब्रेदरन' या नावाने ओळखला जाई. १८९४ मध्ये विल्बर स्टोव्हर व त्यांचे सहकारी भारतात आले आणि त्यांनी बलसाड (आताचे वलसाड) येथे कार्य सुरू केले. डहाणू येथे मिशनने रुग्णालय चालविले.

श्रद्धा व आचार

इंग्लंडमधील बॅप्टिस्टांनी १६४४ व १६८९ मध्ये आपले विश्वासांगीकार लेखी स्वरूपात प्रसिद्ध केले. ब्रेदरन पंथाने मात्र 'नवा करार हाच आमचा विश्वासांगीकार' अशी भूमिका घेतली. त्यामुळे या पंथाची ओळख संहितेपेक्षा आचारातून ठरते. पाण्यात गुडघे टेकून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा बुडवून दिला जाणारा बाप्तिस्मा, तसेच पाय धुणे, सहभोजन व प्रभुभोजन यांचा समावेश असलेले प्रीतिभोजन हे त्यातील प्रमुख विधी होत.

विलीनीकरण

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत ब्रेदरन मंडळीसह उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. नव्या चर्चने बाल-बाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य केल्या, बिशपपद स्वीकारले आणि प्रेषितांचा व नायसियाचा हे दोन प्राचीन विश्वासांगीकार आधारभूत मानले. ठाणे शहरातील सेंट जेम्स चर्चसारखी अँग्लिकन परंपरेतील चर्च आणि ब्रेदरन मंडळ्या अशा प्रकारे एकाच संस्थेत आल्या.

फूट व न्यायालयीन निर्णय

गुजरातमधील 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन'च्या काही सदस्यांनी विलीनीकरण अमान्य केले. विश्वासांगीकार, बिशपपद व बाल-बाप्तिस्मा या बाबी आपल्या मूळ श्रद्धेशी विसंगत असल्याची त्यांची भूमिका होती. मंडळीच्या मालमत्तेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यातून न्यायालयात गेला. ३० सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण कायदेशीर प्रक्रियेनुसार झाले नसल्याचा निर्वाळा दिला. संस्था नोंदणी कायदा व मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा यांतील तरतुदी न पाळता केवळ ठराव संमत केल्याने विश्वस्त मालमत्ता हस्तांतरित होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ऐक्याचा धार्मिक निर्णय आणि मालमत्तेचे कायदेशीर हस्तांतरण या दोन स्वतंत्र बाबी असल्याचे या निकालातून अधोरेखित झाले.