विवाहवेदीवरील शब्द आणि सूर

कॅथलिक विवाहाचें नांव काढतांच शहरांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक देखावा उभा राहतो. शुभ्र पोषाखांतील वधू, ऑर्गनचा गंभीर नाद आणि त्या नादाच्या तालावर वेदीकडे जाणारी संथ मिरवणूक. चित्रपटांनीं हा देखावा घरोघर पोंचविला आहे; आणि त्यामुळें असा समज रूढ झाला आहे कीं, हें संगीत ख्रिस्ती धर्माइतकेंच जुनें असून त्यावांचून तेथें लग्नच लागत नसावें. इतिहास पाहूं गेल्यास गोष्ट निराळी दिसते. ज्या दोन सुरावटींना जग विवाहाचें संगीत म्हणून ओळखतें, त्या दोन्ही एकोणिसाव्या शतकांतील रंगभूमीवरून आलेल्या आहेत. आणि ज्या धर्मसंस्थेचें संगीत म्हणून त्या मानल्या जातात, त्या संस्थेनें रंगभूमीचा सूर चर्चबाहेर ठेवण्यासाठीं पुष्कळ खटपट केलेली आहे. विवाहाच्या वेळीं कोणता सूर चर्चांत यावा, कोणता मांडवांत राहावा, आणि हें ठरवावें कोणीं, हा वाद शतकानुशतकें चालत आला. त्याची झळ युरोपपुरती राहिली नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावरील घराघरांस ती लागली.

हा वाद समजण्यासाठीं आधीं विवाहविधीचें मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. रोमच्या पाश्चात्य परंपरेंत लग्न लावणारा धर्मगुरु नव्हे. वधू आणि वर हींच एकमेकांस तो संस्कार देतात. धर्मगुरु त्यांचा शब्द मागतो, ऐकतो, त्याला साक्षी राहतो आणि आशीर्वाद देतो. इ. स. ८६६ मध्यें पोप पहिले निकोलस यांनीं बल्गार लोकांच्या प्रश्नांना जीं उत्तरें पाठविलीं, त्यांत रोमकडील विवाहाचें वर्णन आलें आहे. वाङ्निश्चय, अंगठी, स्त्रीधनाचा लेख, चर्चांतील अर्पण, आशीर्वाद, वधूवरांवर पांघरावयाचें वस्त्र, आणि बाहेर पडतांना मस्तकावर मुकुट, असा तो क्रम आहे. आपल्याकडील अंतरपाट दोघांच्या मध्यें धरला जातो आणि तो दूर झाला म्हणजे लग्न लागतें. रोमकडील तें वस्त्र दोघांना मिळून आच्छादीत असे. परंतु एवढा सोहळा वर्णून झाल्यावर पोप स्पष्ट सांगतात कीं, ह्यांतील कांहीं न घडलें तरी त्यांत पाप नाहीं. दोघांची संमति मात्र हवी. ती नसेल तर बाकीचें सारें व्यर्थ होय.

मध्ययुगांत इंग्लंड व उत्तर फ्रान्स ह्या भागांत संमतीचा हा विधि चर्चच्या दारांत होत असे. जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या देखत शब्द दिला जाई, अंगठी घातली जाई, आणि मगच मंडळी मिस्सेसाठीं आंत जात. ह्या विवाह-मिस्सेचें संगीत ठरलेलें होतें. तें ग्रेगरी परंपरेचें लॅटिन गायन, म्हणजे वाद्यांच्या आधारावांचून, सर्वांनीं एकाच सुरावलींत म्हणावयाचें. प्रवेशाचें पद टोबितच्या ग्रंथांतून घेतलेलें आहे. पुढील पदांत स्तोत्रकर्त्यानें पत्नीला दिलेली द्राक्षवेलीची आणि मुलांना दिलेली ऑलिव्हच्या रोपांची उपमा येते. आणि प्रसादाच्या वेळच्या पदांत नातवंडें पाहण्याचें भाग्य मागितलें आहे. प्रणयाचा उच्चार त्यांत फारसा नाहीं. घर, संतति, दीर्घायुष्य आणि ईश्वराची कृपा, एवढेंच मागणें. मंगलाष्टकें ऐकत वाढलेल्या माणसाला हा भाव परका वाटण्याचें कारण नाहीं.

संमतीनेंच विवाह होतो, ह्या तत्त्वाची एक वाईट बाजूहि होती. एकांतांत दिलेला शब्दहि विवाहच ठरे, आणि पुढें तो नाकारणाऱ्या माणसापुढें स्त्रीचें कांहीं चालत नसे. ह्यावर उपाय म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं निर्णय दिला कीं, विवाहाची सूचना आधीं तीन सणावारीं चर्चांत जाहीर करावी आणि संमति स्थानिक धर्मगुरु व दोन किंवा तीन साक्षीदार यांच्या समोरच द्यावी. आगमनकाळापासून जानेवारींतील प्रकटीकरणाच्या सणापर्यंत आणि उपवासकाळापासून ईस्टर-सप्ताहापर्यंत विवाहाचा समारंभ करूं नये, असेंहि ठरलें. हिंदु घरांत चातुर्मासांत लग्नकार्य वर्ज्य असतें, त्याच जातीचा हा निर्बंध होय. परंतु ह्याच ठरावांत आणखी एक वाक्य आहे, आणि ह्या सर्व इतिहासाची किल्ली त्यांत सांपडते. ज्या प्रांतांत विवाहाच्या दुसऱ्या स्तुत्य चालीरीति असतील, त्या तशाच राखल्या जाव्यात, अशी परिषदेनें मोठ्या आग्रहानें इच्छा प्रकट केली. पुढें १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें असेंहि सांगितलें कीं, संमतीचा प्रश्न वधूवरांना लोकभाषेंत विचारावा. मिस्सा लॅटिन, गायन लॅटिन, आशीर्वाद लॅटिन. परंतु ज्या शब्दानें लग्न लागतें तो शब्द मात्र मातृभाषेंत.

ट्रेंटचा हा ठराव झाला तेव्हां गोवा पोर्तुगीजांकडे येऊन ५३ वर्षें आणि वसई येऊन २९ वर्षें झालीं होतीं. येथील नवख्रिस्ती कुटुंबांत विवाह म्हणजे मांडव, हळद, विडा, फुलें आणि बायकांच्या ओव्या. ह्या ओवीची थोरवी पाद्र्यांनाहि कळलेली होती. इंग्लंडांतून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ख्रिस्ताचें चरित्र ओवींतच रचिलें. सुमारें ११,००० ओव्यांचें तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें छापून निघालें आणि चर्चांतून भाविकांपुढें वाचलें जाऊं लागलें. ज्या छंदांत सासरीं जाणाऱ्या मुलीची आई आपलें मन मोकळें करी, तोच छंद वेदीच्या पायरीपर्यंत जाऊन पोंचला होता.

पुढें वारें फिरलें. २७ जून १६८४ च्या फर्मानानें गोव्याच्या व्हाइसरॉयनें एतद्देशीयांना आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागण्याचा हुकूम केला. आणि १७३६ सालीं इन्क्विझिशननें जें मनाईपत्रक काढलें, त्यानें थेट लग्नघरांत पाऊल घातलें. लग्नांत देशी वाद्यें वाजवूं नयेत. ओव्या, उघडपणें काय किंवा खाजगींत काय, गाऊं नयेत. विड्याचीं पानें, सुपारी, फुलें, तळलेले जिन्नस वांटूं नयेत. वधूवरांना हळद-तेल लावूं नये. मांडव आणि तोरणें उभारूं नयेत. ट्रेंटच्या परिषदेनें स्तुत्य चालीरीति राखा म्हणून सांगितलें होतें. परंतु स्तुत्य कोणतें आणि निंद्य कोणतें, हें ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या त्या रीति होत्या त्यांच्याकडे नव्हता. न्यायासनाच्या मतें ह्या सर्व जुन्या धर्माच्या खुणा होत्या. प्रो. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं गोव्यांतील इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथांत हें पत्रक अभ्यासकांपुढें आणलें.

मनाई झाली म्हणून गाणें थांबलें काय? थांबलें नाहीं, त्यानें जागा बदलली. गोव्यांत लग्नापूर्वीं वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा विधि टिकला आणि त्याबरोबर म्हणावयाची झोतीहि टिकली. वधूला चुडा भरण्याचा सोहळाहि राहिला. उत्तरेकडे मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि तेथील ख्रिस्ती वस्ती मराठ्यांच्या राज्यांत आली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती स्त्रिया आपल्या बोलींत लग्नगीतें गात राहिल्या. मुंबई-साष्टी भागांतील जो समाज १८८७ पासून ईस्ट इंडियन ह्या नांवानें ओळखला जातो, त्याच्या लग्नांत उंबराच्या पाण्याची मिरवणूक अद्यापि निघते. अशा रीतीनें एकाच विवाहाचे दोन भाग पडले. चर्चांत लॅटिन आणि ऑर्गन. मांडवांत ओवी आणि हळद. आणि दोन्हींकडे माणसें तींच.

इकडे गोव्यांतील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि वृंदगायन ह्यांचें शिक्षण पिढ्यान् पिढ्या मिळत गेलें. त्या शिक्षणावर वाढलेल्या गोमंतकीय वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद गाजविले. तेव्हां पाश्चात्य संगीत येथें केवळ लादलें गेलें, असें म्हणणेंहि अपुरें होईल. लोकांनीं तें आपलेंसें केलें, आणि मांडो हा गीतप्रकार त्या मिलाफाचें गोड फळ होय.

युरोपांत ह्याच सुमारास दुसरीच गडबड चालू होती. मेंडेल्सननें १८४२ सालीं शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' ह्या नाटकासाठीं संगीत रचिलें. त्यांतील विवाहाची गत २५ जानेवारी १८५८ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येच्या लग्नांत वाजविली गेली आणि राजघराण्याची रीत म्हणून सर्वत्र पसरली. दुसरी प्रसिद्ध सुरावट वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' ह्या १८५० सालीं रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेंतली. नाटकांत ती वधूच्या चर्चप्रवेशाची नाहींच. लग्न लागल्यावर नवदांपत्याला शयनगृहाकडे नेतांना ती गायिली जाते, आणि त्याच रात्रीं तो विवाह मोडतो! शुबर्टचें 'आवे मारिया' सुद्धां मूळचें चर्चच्या उपासनेंतलें गीत नव्हे. वॉल्टर स्कॉटच्या काव्यांतील नायिकेच्या गीतासाठीं १८२५ मध्यें बांधलेली ती चाल. तिच्यावर लॅटिन प्रार्थनेचे शब्द मागाहून बसविले गेले.

अशा प्रकारचें संगीत चर्चांत शिरलेलें पाहून पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीताची संरक्षक मानलेल्या संत सिसिलियेच्या सणादिवशीं, एक आज्ञापत्र काढलें. ग्रेगरी गायन हा धर्मसंगीताचा श्रेष्ठ आदर्श, त्याखालोखाल पालेस्त्रिनाच्या परंपरेचें बहुस्वरी गायन; नाटकी शैली नको, पियानो नको, ढोल-झांजा नकोत, चर्चच्या आंत बँड तर मुळींच नको. ऑर्गननें गायनाला आधार द्यावा, गायनाला झांकूं नये. ह्या विचारांत मर्म होतें. शब्द श्रेष्ठ आणि सूर त्याचा सेवक, हीच जुनी जाणीव त्यामागें होती. परंतु त्याच पत्रांत, चर्चमधील गायन हा धार्मिक अधिकार असल्यानें स्त्रियांना गायनवृंदांत स्थान नाहीं, असेंहि सांगितलें होतें. मांडवांतील गाणें मुख्यतः बायकांचें. त्यांना चर्चचें दार ह्यामुळें दुसऱ्यांदा बंद झालें.

दार उघडलें तें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक घटनेनें विवाहविधि नव्यानें रचण्याची आज्ञा दिली, आणि ती देतांना ट्रेंटच्या त्या चारशें वर्षांपूर्वींच्या वाक्याची आठवण करून दिली. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला उपासनेंत योग्य स्थान द्यावें, असेंहि त्यांत आहे. पूर्वीं विवाहांतील मुख्य आशीर्वाद वधूलाच उद्देशून असे, जणुं निष्ठेचें बंधन तिच्याच वांट्याला आलें होतें; तो बदलून परस्परनिष्ठेचें समान कर्तव्य दोघांना सांगणारा करावा, असें ठरलें. १९ मार्च १९६९ रोजीं नवा विधि प्रसृत झाला आणि १९९० मध्यें त्याची दुसरी आवृत्ति निघाली.

आजचें जोडपें लग्नापूर्वीं धर्मगुरु आणि गायनवृंदाचा प्रमुख यांच्याबरोबर बसून विधीची आंखणी करतें, तेव्हां त्यांच्यापुढें हा सर्व इतिहास नकळत उभा असतो. प्रवेशाचें गीत, वाचनांमधील स्तोत्र, शुभवर्तमानापूर्वींचा जयघोष, अर्पणाचें गीत, प्रसादाचें गीत आणि निरोपाचें गीत, एवढ्या जागा भरावयाच्या असतात. द्राक्षवेलीचें तें प्राचीन स्तोत्र आजहि निवडतां येतें, आणि तें मराठींत गातां येतें. आवडतें चित्रपटगीत वेदीपाशीं गावें असा हट्ट धरणारीं जोडपीं असतात. त्यांना धर्मगुरु तें गीत मेजवानीसाठीं ठेवावयास सांगतो. संमतीच्या क्षणीं मात्र सर्व वाद्यें थांबतात. वधू आणि वर आपापल्या तोंडानें आपला शब्द उच्चारतात, आणि तो साऱ्या सभेला ऐकूं जावा हीच त्या शांततेची योजना असते.

लॅटिन पदांच्या पोथ्या राजाश्रयाखालीं लिहिल्या गेल्या, छापल्या गेल्या, ग्रंथालयांत जपल्या गेल्या. लग्नघरांतील ओव्यांना असा आश्रय कोणीं दिला नाहीं. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे त्या तोंडींच आल्या. त्या काळच्या गोमंतकीय लग्नांत कोण कोणत्या गोष्टी होत, ह्याचें एक अत्यंत तपशीलवार टांचण आज उपलब्ध आहे, आणि तें म्हणजे १७३६ चें मनाईपत्रकच. ज्यांनीं त्या रीति पुसून टाकावयाच्या म्हणून एकेक करून लिहिल्या, त्यांच्याच लेखणीनें त्या इतिहासांत राहिल्या. परंतु पत्रकांत ओव्यांचा उल्लेख आहे, ओव्या नाहींत. त्या जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया वसईच्या वाड्यांत आणि गोव्याच्या गांवांत आहेत, तोंवर त्या उतरून घेतां येतील. आणि चर्चचें दार त्यांना आतां बंद नसल्यामुळें, त्यांपैकीं एखादी वेदीपाशीं म्हणतांहि येईल.