मुंबईच्या नावाचे रक्त

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खान्देशातून गेलेल्या आपल्या माणसांची मोठी वस्ती आहे. तेथे काय किंवा इकडे नंदुरबार-नवापुरात काय, रक्तदान शिबिरात एक वाक्य हमखास कानी पडते : 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते. या समजुतीला १९५२ साली मुंबईत तडा गेला.

डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना अशी तीन माणसे आढळली की त्यांना 'ओ'चे रक्तही जुळेना. लंडनच्या रेस व सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हा शोध 'लॅन्सेट'मध्ये मांडला. 'जुळत नाही' या उत्तराला परीक्षेतली चूक न मानता ते त्याच्या मागे लागले, हे मला फार मोलाचे वाटते.

तांबड्या पेशींवर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की 'एच' घटक होतो. त्यावर आणखी एक साखर चढली तर 'ए', दुसरी चढली तर 'बी'. काहीच न चढले तर 'ओ'. म्हणजे 'ओ' हे शून्य नव्हे (वर्गात आपण सर्रास तसे सांगतो!), त्यात 'एच' भरपूर असतो. या तिघांत तोही नव्हता.

आता खरी नवलाची गोष्ट. जी साखर आपल्यात नाही, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तद्रवात आपोआप असतात. त्यासाठी परके रक्त घ्यावे लागत नाही. नवजात बाळात स्वतःची अशी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, पुढे काही महिन्यांत ती येतात. आतड्यातील जंतूंवर तशाच साखरा असतात, तेथून शरीराला ओळख पटते. १९५९ साली स्प्रिंगर यांनी कोंबडीची पिले जंतुविरहित वाढवली. 'बी'विरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात तयार झाली नाहीत.

सुरतेचा संबंध अगदी अलीकडचा. २०२२ साली सौराष्ट्रातील एका हृदयरुग्णाच्या न जुळणाऱ्या रक्ताचे कोडे सुरतेच्या तज्ज्ञांनी हाती घेतले. ते 'ईएमएम' घटक नसलेले रक्त निघाले. तोही साखरसाखळीशीच निगडित.

बॉम्बे गट भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा मानतात. साध्या चाचणीत तो 'ओ' म्हणूनच नोंदला जातो आणि तेच रक्त चढवले तर जिवावर बेतते. म्हणून रक्तद्रव 'ओ' पेशींशीही ताडून पाहतात. असा माणूस सापडला की सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करावी. त्यांच्यात जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले, गट मात्र बॉम्बेच राहिला.