आयकिडो : सैनिकांच्या उस्तादाची मवाळ वाट

कराटेच्या क्लासला जाणारी माझ्या वर्गातली मुलं पदकं दाखवायला आणतात. आयकिडोच्या बहुतेक शाखांत स्पर्धाच नसतात, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. ‘सर, मग जिंकलं कोण हे कळणार कसं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायचं तर ही कला घडवणाऱ्या माणसाचं आयुष्य पाहावं लागतं, आणि ते काही मवाळ नव्हतं.

मोरिहेइ उएशिबा यांचा जन्म १८८३ मध्ये जपानमधल्या तानाबे इथला. उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणी ते रशिया-जपान युद्धात सैनिक होते. पुढे होक्काइडोच्या थंड, ओसाड मुलखात वस्ती करायला गेले. तिथे १९१५ मध्ये त्यांना सोकाकु ताकेदा हे कडक उस्ताद भेटले. त्यांची विद्या मनगट पिरगळण्याची, सांधे जखडण्याची. आयकिडोचे बरेच डाव तिथूनच आले.

नंतर ओमोतो पंथाचे ओनिसाबुरो देगुची यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९२४ मध्ये या गुरूसोबत ते मंगोलियाच्या मोहिमेवर गेले आणि पकडले गेले. पायात बेड्या, समोर मरण. जपानी वकिलातीने मध्ये पडून सोडवलं. पुढच्याच वर्षी एका नौदल अधिकाऱ्याने लाकडी तलवार घेऊन त्यांना आव्हान दिलं. उएशिबा निःशस्त्र होते. त्यांनी एकही फटका मारला नाही, फक्त वार चुकवत राहिले. शेवटी अधिकारीच दमला, असं त्यांचे शिष्य सांगत आले. त्यानंतर, लढण्याचं मूळ प्रेमात आहे, असं उएशिबा म्हणू लागले.

काही लेखक इथेच त्यांना संत करून टाकतात. मला ते पटत नाही. याच उएशिबांनी पुढची कित्येक वर्षं लष्कराच्या आणि नौदलाच्या शाळांत शिकवलं, आणि त्याच काळात जपानी फौज चीनमध्ये काय करत होती ते जगाला ठाऊक आहे. १९४२ मध्ये मात्र ते टोकियो सोडून इवामा या खेड्यात शेती करायला गेले. ‘आयकिडो’ हे नावही त्याच सुमारास रूढ झालं.

‘आय’ म्हणजे जुळवून घेणं, ‘की’ म्हणजे प्राणशक्ती, ‘डो’ म्हणजे मार्ग. जपानीत प्रेमालाही ‘आय’च म्हणतात, फक्त अक्षर वेगळं. उर्दूत ऐनने लिहिलेला ‘अर्ज़’ म्हणजे विनंती आणि अलिफने लिहिलेला ‘अर्ज़’ म्हणजे जमीन, तसंच हे. उएशिबांनी या सारख्या उच्चाराचा मुद्दाम उपयोग केला.

प्रत्यक्षात ही जुळवणी अगदी साधी असते. समोरचा धावून आला की त्याला अडवायचं नाही; बाजूला वळायचं आणि त्याचाच जोर पुढे जाऊ द्यायचा. तोल त्याचा जातो. डाव चुकीचा लावला तर मनगट मोडूही शकतं, म्हणून नवशिक्याला आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, पाठ गोल, लोळण घेऊन पुन्हा उभं. मग दोघे जोडीदार भूमिका बदलतात. आत्ता ज्याने पाडलं, तो आता पडतो.