आत्महत्येची नोंद आणि इतिहासलेखन : विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात

प्रस्तावना : 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी सहकुटुंब जीवनयात्रा संपविली. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात शेतकऱ्यांचा स्वतंत्र रकाना आला तो 1995 पासून. म्हणजेच घटना आधी घडली. तिची गणना मागाहून सुरू झाली. प्रस्तुत लेखात या नोंदींचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

नोंदीचे दोन प्रवाह : संशयास्पद मृत्यूची प्रथम पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 नुसार, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार, पंचनामा व आवश्यक तेथे शवविच्छेदन होते. विषबाधेचा संशय असल्यास व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. हा प्रवाह मृत्यू कशाने झाला ते सांगतो. का झाला, हे सांगण्यास तो असमर्थ असतो. दुसरा प्रवाह महसूल खात्याचा. एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी जिल्हास्तरीय समिती सातबारा, कर्ज व वसुलीचा तगादा तपासून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविते. एकच मृत्यू पोलिसांच्या दप्तरी आत्महत्या असतो. महसुली दप्तरी तो शेतकऱ्याचा ठरेलच असे नाही.

लोकसंख्याशास्त्रीय स्वरूप : 2022 मध्ये देशात शेतीक्षेत्रातील 11,290 व्यक्तींनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी 4,248 महाराष्ट्रातील होत्या. देशातील 5,207 शेतकऱ्यांमध्ये स्त्रिया अवघ्या 208, तर 6,083 शेतमजुरांमध्ये 611 आढळतात. या तफावतीवरून स्त्रिया संकटमुक्त आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जमीन बहुधा पुरुषाच्या नावे असल्याने राबणारी स्त्री ‘शेतकरी’ या रकान्यात सहजासहजी बसत नाही. 2014 पासून शेतकरी व शेतमजूर यांची विभागणी झाल्याने आधीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलनाही सदोष ठरते.

निष्कर्ष : 2006 मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अशी धोरणे आकड्यांवर उभी राहतात आणि आकडे व्याख्यांवर. म्हणून ‘अपात्र’ ठरलेल्या प्रकरणांच्या फायलीही इतिहासाची साधने म्हणून जतन होणे अगत्याचे आहे. रकान्याबाहेर राहिलेल्या मृत्यूंचा मागोवा तेथूनच घेता येईल.