मनाची परीक्षा आणि गीताचा जन्म

गीत रचणाऱ्याच्या ठायी दोन व्यक्ती नांदत असतात. एक शब्द आणि स्वर जुळवीत असते. दुसरी बाजूला बसून त्यांची पारख करीत असते. ही दुसरी व्यक्ती अतिशय कठोर झाली, तर पहिलीच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि ती झोपी गेली, तर शब्दांना धरबंध राहत नाही. या अंतःपरीक्षकाला गीतरचनेत कोठे बसवावे, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे एक सुंदर उत्तर कावेरीच्या काठी, तंजावरच्या परिसरात, भोसले राजांच्या अमदानीत मिळाले.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीराजांनी स्थापिलेले हे राज्य 1855 साली खालसा झाले. त्या अवधीत तंजावरला संगीताचा जो बहर आला, त्यात राजेही हौसेने सामील झाले होते. शहाजीराजांनी (1684–1712) तिरुवारूरच्या त्यागेशावर तेलुगू पदे रचली, मराठीत नाटके लिहिली आणि रागांची लक्षणेही लिहून ठेवली. पुढे तुळजाराजांनी (1728–1736) ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1798–1832) नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. त्यांत एका निरूपणातील नाना प्रकारची गीते एकाच रागात आणि एकाच तालात बांधण्याचा दंडक पाळलेला दिसतो. म्हणजे दरबारात एक परीक्षक सदैव हजर होता. तो शास्त्राचा होता. राग कोठे चुकला, ताल कोठे ढळला, हे तो बोट ठेवून दाखवू शकत असे.

परंतु गीताची आणखी एक परीक्षा असते आणि ती दरबारात होत नाही. तिचा विचार मराठीत समर्थ रामदासांनी नेमका केला आहे. ‘मनाच्या श्लोकां’त ते 205 श्लोक आपल्या मनाशी बोलतात. मनाला ते बजावतात, दटावतात, पण हाक मारतात ती ‘सज्जन’ म्हणून! ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात त्यांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळेच जुळविले, ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्या धर्तीवर रचले, ते पाठ. भक्तीतून सहज उमटले, ते प्रासादिक. आपले गीत यांपैकी कोणते, याचा निवाडा दुसरा कोण करणार? त्याचा खरा साक्षी कवीच. समर्थसंप्रदायाचे मठ तंजावर प्रांती स्थापन झाले होते. तेव्हा हा विचार कावेरीकाठच्या मराठी मंडळींना परका नव्हता.

त्याच प्रांतात, तंजावरपासून थोड्याच कोसांवर तिरुवैयारू येथे, संत त्यागराज (1767–1847) राहत असत. त्यांची भाषा तेलुगू. सरफोजीराजांनी त्यांना दरबारी पाचारण केले आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्यांच्याही कितीतरी कृती मनाला उद्देशून आहेत. समर्थांचा प्रभाव त्यांच्यावर होता, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. मनाशी संवाद हे भारतीय संतवाङ्मयाचे सामाईक धन आहे. पण त्यागराज संत होते तसेच संगीताचे महान आचार्यही होते. म्हणून त्यांचा अंतःपरीक्षक स्वरांविषयीही बोलतो.

त्यांच्या प्रसिद्ध पाच घनराग-कृतींपैकी दुसरी गौळ रागात आहे. ती म्हणजे स्वतःच्या दोषांची यादीच होय. पोटासाठी परक्यांची मने वळविली, अजाणांना उपदेश करून त्यात संतोष मानला. इतकेच काय, स्वर आणि लय यांचे ज्ञान नसता थोर भक्तांची बरोबरी सांगितली, असाही आरोप त्या यादीत आहे. आता मौज अशी, की हे सारे आरोप गौळ रागाच्या नितळ स्वरावलीत आणि आदितालाच्या काटेकोर चौकटीत बसविले आहेत. आधी स्वर गावे आणि मग त्याच स्वरांवर शब्द गावेत, अशी ही रचना. ‘तुला स्वरलय कळत नाही’ असे परीक्षक बजावतो आणि ते बजावणेच स्वरलयीत चपखल बसते! त्यागराजांनी त्याचे तोंड बंद केले नाही, आणि त्याच्या धाकाने लेखणीही खाली ठेवली नाही. त्याला त्यांनी गीताचा विषय करून कामाला लावले.

त्यांची दुसरी युक्ती म्हणजे संगती. गीताची एक ओळ प्रथम साधेपणाने गायची. मग तेच शब्द ठेवून चाल किंचित खुलवायची, पुन्हा थोडी अधिक, असे करीत ओळ पूर्ण विकासाला न्यायची. हा प्रकार पद्धतशीरपणे रूढ करण्याचे श्रेय त्यागराजांना देतात. इतर कवी पहिला खर्डा फाडून टाकतात. संगतीत पहिला खर्डा श्रोत्यांसमोर मानाने उभा असतो आणि त्याच्याच खांद्यावर पुढचा चढतो. पुढे वालाजापेट, उमयाळपुरम् आणि तिल्लैस्थानम् येथील शिष्यशाखांत संगतींचे पाठ वेगवेगळे झाले. म्हणजे सुधारणेचे काम गुरूंबरोबर संपले नाही.

आपल्याकडे पुष्कळ होतकरू कवी पहिल्या ओळीशीच अडखळतात. ओळ उमटण्यापूर्वीच तिचा न्यायनिवाडा होतो आणि गीत जन्मतच नाही. तंजावरच्या या इतिहासाचा त्यांना सांगावा असा की, परीक्षक हवाच. पण त्याची पाळी ओळ उमटल्यानंतरची. त्याच्याशी बोलावे ते समर्थांप्रमाणे, सज्जनाशी बोलावे तसे.

दरवर्षी पौष वद्य पंचमीला, त्यागराजांच्या पुण्यतिथीस, तिरुवैयारूला त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक जमतात आणि त्या पाचही कृती एकसुरात गातात. त्यांत गौळ रागातील ती दोषांची यादीही असते. आपणांस स्वरलय कळत नाही, अशी कबुली नामांकित गवयी तेथे एकत्र बसून देतात आणि लागलीच पुढच्या कृतीचा स्वर लावतात.