जुन्या रेडिओचे बदली भाग

सोलापूरच्या एखाद्या वाड्यांत धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आज पुन्हा बोलका करावयाचा म्हटलें, कीं पहिला प्रश्न भागांचा. मूळचा भाग मिळत नाहीं. बदली भाग घालावा, तर संच खरा जुना राहिला काय, अशी रुखरुख लागते. या रुखरुखीला इतिहासाचा मात्र फारसा आधार नाहीं.

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॉट, आणि सोलापूर तेथून सुमारें चारशें किलोमीटर दूर. दिवसां मध्यम लहरींचा लाभ तो काय मिळणार! १९३८ सालीं मुंबईहून लघुलहरींवर प्रक्षेपण होऊं लागलें, तेव्हां दूरच्या गांवांची सोय झाली. संच बहुधा परदेशी असत. मे १९४० मध्यें जर्मनीनें हॉलंड व्यापलें आणि फिलिप्सच्या आइंधोवेन येथील कारखान्याचा माल यावयाचा थांबला. एप्रिल १९४२ मध्यें अमेरिकेनेंही घरगुती रेडिओ बनविणें बंद केलें. मग हातीं लागेल तो व्हॉल्व्ह बसविणें आलें. डच व्हॉल्व्हची बैठक काढून तेथें आठ पायांची अमेरिकन बैठक बसविलेली एखाद्या संचांत आढळली, तर ‘मूळ रूपा’च्या हट्टानें ती उपटूं नये. तो जोडहि त्या संचाचा इतिहासच आहे.

सगळेंच जुनें राखण्याजोगें असतें असें नव्हे. मेणकागदी कंडेन्सर वर्षानुवर्षें ओल धरतो. त्यांतून गळणारी वीज शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोंचली, कीं तो व्हॉल्व्ह अतिशय तापून निकामी होतो. जाणता कारागीर त्याची नळी ऊन करून आंतील गाभा काढतो, नवा कंडेन्सर आंत सरकवितो आणि तोंडें मेणानें बुजवितो. बाहेरून पाहणाऱ्यास पत्ताहि लागत नाहीं.

व्हॉल्व्हच्या बाबतींत इतकें सोपें नाहीं. ईसीएच ८१ आणि यूसीएच ८१ यांचे पाय तेच, आंतली रचनाहि जवळजवळ तीच. पण पहिल्याची तापतार ६.३ व्होल्टांची, दुसऱ्याची १९ व्होल्टांची. पहिल्याच्या जागीं दुसरा घातला, तर तो थंडच बसून राहतो.

राहतां राहिलें ध्वनिवर्धकापुढचें कापड. १८७७ सालीं पहिली गिरणी निघालेल्या या गांवांत कापडाची वाण कसली? मात्र विणकर विरळ हवी. सोलापुरी चादर कितीहि देखणी असली, तरी तिच्या जाड विणींत गाण्याचे वरचे स्वर अडकून पडतात.