सदाशिव पेठ, पुणे ३० : साखळी दुकाने आली आणि पुस्तकांची पेठ उरली, ती कशी?

मराठी पुस्तकाचे शीर्षकपान उलटले की मागच्या बाजूला बारीक टायपात प्रकाशकाचा पत्ता असतो. सहसा कोणी तो वाचत नाही. एकदा आपल्या कपाटातली दहा-वीस पुस्तके काढून तेवढाच मजकूर वाचून पाहावा. राजहंस प्रकाशन, १०२५ सदाशिव पेठ. मेहता पब्लिशिंग हाऊस, १९४१ सदाशिव पेठ, माडीवाले कॉलनी. कॉन्टिनेन्टल प्रकाशन, विजयानगर, पुणे ३०. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ माधवराव पेशव्यांच्या काळात वसलेली ही पेठ, पुढे मराठी ग्रंथव्यवहाराचा डाकपत्ताच होऊन बसली.

नव्वदीच्या दशकात काचेच्या दाराची, वातानुकूलित, सर्व शाखांत एकसारखी दिसणारी पुस्तकांची साखळी दुकाने भारतात आली, तेव्हा या पेठेचे दिवस भरले असे भाकीत अनेकांनी केले होते. भाकीत चुकले. ते का चुकले याचा शोध घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते, म्हणून हा थ्रेड थोडा लांबणार आहे.

मराठी पुस्तकविक्रीतली पहिली मोठी साखळी कोणा व्यापाऱ्याने उभारली नाही, सरकारने उभारली. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. शाळा वाढल्या, तशी क्रमिक पुस्तकांची गरज वाढली. पुस्तके खात्याने लिहून घ्यायची, मेजर कँडींसारख्या अधिकाऱ्यांनी त्यांची भाषा तपासायची, आणि मुंबईच्या सरकारी सेंट्रल बुक डेपोने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाखांमार्फत ती विकायची. लेखक, परीक्षक, छापणारा आणि विकणारा एकच. आजच्या कोणत्याही बड्या कंपनीला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था होती.

दुसरी साखळी रेल्वेची. १८७७ मध्ये अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनी निघाली आणि स्थानकांच्या फलाटांवर तिचे स्टॉल उभे राहिले. दक्षिणेत हेच काम मद्रासच्या हिगिनबॉथम्सने केले. तिचा जन्म त्याहून जुना, १८४४ चा. प्रवाशाने गाडी सुटण्याआधी काय वाचायला घ्यायचे, हे पुढची शंभर वर्षे या दोन कंपन्यांनी ठरवले.

आता विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे येऊ. त्यांचे वडील कृष्णशास्त्री याच शिक्षणखात्यातले मोठे विद्वान. मुलगाही खात्यातच शिक्षक. पण १८७४ पासून तो 'निबंधमाला' लिहू लागला आणि १८७९ मध्ये त्याने सरकारी नोकरी सोडली. न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', 'मराठा' ही नावे शालेय इतिहासात येतात. त्यांच्याच जोडीने शास्त्रीबुवांनी आणखी दोन उद्योग मांडले, ते मात्र आपण विसरतो : चित्रे छापणारी 'चित्रशाळा' (१८७८) आणि पुस्तके विकणारा 'किताबखाना'.

या किताबखान्याचे महत्त्व मला फार वाटते. खात्याच्या मंजुरीवाचून लिहिलेले पुस्तक खात्याच्या डेपोत कशाला ठेवले जाईल? तेव्हा स्वतंत्र विचार छापायचा असेल, तर तो मांडायला स्वतंत्र फळीही लागते, हे या माणसाने ओळखले. नुसता छापखाना काढून भागत नाही; दुकानही काढावे लागते. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. चित्रशाळा पुढे वासुकाका जोशींनी सांभाळली, वाढवली, आणि सदाशिव पेठेत तिच्या नावाने चौक ओळखला जाऊ लागला.

पेठेच्या उत्तरेला, बाजीराव रस्त्यावर, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने दाटीने उभी राहिली ती पुढच्या काळात. हा व्यवसाय बाहेरून दिसतो तितका साहित्यिक कधीच नव्हता. जूनमध्ये पाठ्यपुस्तके आणि वह्या. दिवाळीआधी दिवाळी अंक. वर्ष सरताना पंचांगे आणि कॅलेंडरे. परीक्षा जवळ आल्या की मार्गदर्शके. मार्चअखेरीस अनुदान खर्ची टाकायला आलेल्या ग्रंथालयांची खरेदी. कादंबरी आणि कविता या सगळ्याच्या फटीतून विकली जाते. दुकानदार कवितेवर प्रेम करत असेलही, पण दुकानाचे भाडे वह्या भरत होत्या.

म्हणूनच २७ जानेवारी १९६७ ही तारीख या चौकाच्या इतिहासात कोणत्याही मॉलच्या उद्घाटनापेक्षा मोठी आहे. त्या दिवशी पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने खाजगी प्रकाशकांच्या हातून गेली. मुलांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले : एकसारखे पुस्तक, परवडणारी किंमत. पण अनेक प्रकाशकांचा मुख्य आधार तुटला आणि विक्रेत्याच्या हाती ठरीव कमिशन उरले. चौक त्यातून सावरला, तो पाठ्यपुस्तकाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या मार्गदर्शकांवर. 'एकवीस अपेक्षित' हे शब्द मराठी घराघरांत पोचले ते याच वाटेने.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. पुढे अनुदानित ग्रंथालयांची संख्या सुमारे बारा हजारांपर्यंत गेली. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असते, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. पण त्यांतल्या कित्येक प्रती या ग्रंथालयांत जातात, आणि त्यांचा व्यवहार ओळखीवर, उधारीवर, यादीप्रमाणे गठ्ठा बांधून एस. टी. ने पाठवण्यावर चालत आला. हे गणित लक्षात ठेवावे. पुढे ते कामाला येते.

आता साखळी. लँडमार्क १९८७ मध्ये चेन्नईत सुरू झाले. क्रॉसवर्ड १९९२ मध्ये मुंबईत. पुढे एक टाटांच्या ट्रेंटकडे गेले, दुसरे शॉपर्स स्टॉपकडे. पुण्यात ही दुकाने आली ती सेनापती बापट रस्त्यासारख्या नव्या, रुंद, गाडी लावता येईल अशा भागांत. पेठेत ती शिरली नाहीत. बसून वाचायला खुर्च्या, मुलांसाठी वेगळा कोपरा, पुस्तक चाळले तर कोणी हटकायचे नाही. पेठेतल्या दुकानात फळीसमोर गिऱ्हाईक, मध्ये टेबल आणि पलीकडे मालक अशी रचना, आणि "काय हवंय?" या प्रश्नाला नेमके उत्तर नसेल तर पंचाईत. साखळीने वाचकाला सन्मानाने वागवले, हे मान्य केले पाहिजे.

फटका बसला तो मात्र प्रामुख्याने इंग्रजी पुस्तके विकणाऱ्यांना. कॅम्पातले 'मॅनीज' २०१२ मध्ये बंद झाले. मुंबईत टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये उभारलेले 'स्ट्रँड' २०१८ मध्ये बंद झाले, आणि तेही ज्या दुकानाने वाचकाला सवलतीची गोडी लावली होती ते. साखळी आणि ही दुकाने एकच माल विकत होती; वर घरपोच विकणारे आले. २००७ मध्ये फ्लिपकार्टने आणि २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतातला धंदा पुस्तकांपासूनच सुरू केला.

मराठी पुस्तक साखळीच्या हाती लागलेच नाही. मध्यवर्ती खरेदी-विभागाला हवा असतो बारकोड, लांब मुदतीची उधारी, न खपलेला माल परत घेण्याची हमी आणि प्रत्येक शाखेत ठेवता येईल इतका साठा. हजार प्रतींची आवृत्ती पन्नास शाखांत वाटली तर शाखेला वीस प्रती येतात आणि ग्रंथालयांसाठी एकही उरत नाही. अनेक मराठी पुस्तकांवर तर बारकोडच नसे. त्यामुळे साखळी दुकानात मराठीला एक-दोन फळ्या मिळाल्या आणि त्यांवर तीच ती पाच-पंचवीस नावे दिसत राहिली. उपेक्षेनेही कधीकधी संरक्षण होते.

पण केवळ एवढ्याने पेठ टिकली नाही. खरे कारण अधिक रुक्ष आहे, आणि साहित्याच्या चर्चेत ते कोणी काढत नाही. ते म्हणजे भाडे.

सदाशिव पेठेतली कितीतरी दुकाने जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर, पागडीने घेतलेल्या गाळ्यांत होती आणि आहेत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्यांची भाडी गोठवली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा त्याने संरक्षण कायम ठेवले, वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला कायदेशीर मान्यता दिली. आणि तिसऱ्या कलमात एक रेघ ओढली. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक आहे अशा कंपन्या यांना हे संरक्षण नाही.

म्हणजे एकाच रस्त्यावर, शेजारीशेजारी, दोन बाजारभाव. साखळीला चालू दराने भाडे; जुन्या पुस्तकविक्रेत्याला पुष्कळदा चहापाण्याच्या खर्चाइतके. २०१२ च्या १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली, त्यावर देशभर बंद झाला, छोट्या दुकानदाराच्या रक्षणाची भाषणे झाली. पुण्याच्या पेठांतला छोटा दुकानदार तेव्हा जगत होता तो या तिसऱ्या कलमाच्या आडोशाने.

या आडोशाची किंमत घरमालकाने मोजली, हेही लिहिले पाहिजे. भाड्यातून वाड्याची कौले शाकारणेही परवडेना. भिंती फुगल्या, माड्या टेकू लावून उभ्या राहिल्या, आणि मग पुनर्विकास आला. नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला गाळा मिळतो. पण मधली दोन-तीन वर्षे साठा कुठे ठेवायचा, गिऱ्हाईक कसे धरायचे? कोणी लांब गोदाम घेतो, कोणी मोबदला घेऊन मोकळा होतो. दुकान बंद झाले की आपण वाचनसंस्कृतीवर हळहळतो. कित्येकदा तिथे वाचनसंस्कृतीचा काही संबंध नसतो. इमारतीचा नकाशा मंजूर झालेला असतो.

आणि सवलत. ब्रिटनमध्ये १९०० पासून 'नेट बुक अॅग्रीमेंट' होते : छापील किंमतीखाली पुस्तक विकायचे नाही. नव्वदीच्या दशकात ते मोडले, १९९७ मध्ये न्यायालयानेही ते बेकायदा ठरवले, आणि साखळ्यांनी व सुपरमार्केटांनी सवलतींचा धडाका लावला. फ्रान्सने उलट वाट धरली. १९८१ च्या लाङ कायद्याने तिथे ५ टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. गल्लीतल्या दुकानात आणि बड्या भांडारात पुस्तक जवळपास एकाच किंमतीला मिळते. आपल्याकडे असा कायदा नाही. समजा, ३०० रुपयांचे पुस्तक विक्रेत्याला ३० टक्के कमिशनने २१० ला पडले आणि तेच घरपोच २१० ला मिळू लागले, तर त्याने गल्ल्यात काय टाकायचे?

ही सवय मात्र परक्या कंपनीने लावलेली नाही. 'प्रकाशनपूर्व सवलत' ही आपल्या प्रकाशकांचीच युक्ती. मोठ्या ग्रंथाचे भांडवल वाचकाकडूनच आगाऊ उभे राहते, यात शहाणपण होतेच. पण त्या व्यवहारातून दुकानदार वगळला गेला, आणि छापील किंमत ही देण्यासाठी नसते असे वाचक शिकला. पुढे प्रदर्शनांनी आणि संकेतस्थळांनी तोच धडा गिरवला.

साखळ्यांचे पुढे काय झाले? अमेरिकेत 'बॉर्डर्स' २०११ मध्ये दिवाळखोरीत गेले. 'बार्न्स अँड नोबल' २०१९ मध्ये विकले गेले आणि त्याची सूत्रे जेम्स डाँट यांच्याकडे आली. लंडनमधल्या स्वतःच्या छोट्या दुकानांतून वर आलेला हा माणूस. त्याने प्रत्येक शाखेच्या व्यवस्थापकाला आपल्या गावच्या वाचकाप्रमाणे पुस्तके निवडायची मोकळीक दिली. आपल्या क्रॉसवर्डची कथाही गमतीची आहे. २०२१ मध्ये शॉपर्स स्टॉपने ते विकले, आणि घेणारे होते पुण्यातले अगरवाल घराणे, म्हणजे त्याच साखळीची दुकाने फ्रँचायझीवर चालवणारे.

पेठेतली फळी मात्र पुन्हा बदलली आहे. गेल्या दीड-दोन दशकांत सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ हा राज्यभरातून स्पर्धापरीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींचा मुलूख झाला. खोल्या, खानावळी, रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिका. राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका यांचे ठोकळे दुकानाच्या दर्शनी भागात आले आणि कादंबरी आत सरकली. अभ्यासक्रम बदलला की कालचा गठ्ठा रद्दी होतो, म्हणून जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्रीही जोरात चालते. लातूर-परभणीहून आलेल्या मुलाला आयोगाची जाहिरात कधी निघेल याची चिंता असते. कोणत्या लेखकाची कितवी आवृत्ती घ्यायची, हे तो अजून फळीपलीकडच्या माणसालाच विचारतो.